अनंत वाट आणि गाडीचें चाक

गणितांत ‘अनंत’ हा शब्द आला म्हणजे पुष्कळ विद्यार्थ्यांचा धीर सुटतो. ज्यास शेवट नाहीं तें मोजावयाचें कसें, आणि जें मोजतां येत नाहीं त्याचा अभ्यास करावयाचा कशाला, असें त्यांस वाटतें. व घरीं वडील मंडळींस विचारावें तर त्यांचेंही मत याहून फारसें निराळें नसतें. आम्हांस येथें असें दाखवावयाचें आहे कीं, अनंत पसरलेल्या कांहीं वस्तू अशा आहेत कीं त्यांचा सर्व कारभार एका लहानशा बंदिस्त जागेंत आणून बसवितां येतो. आणि कांहीं अशा आहेत कीं कितीही खटपट केली तरी त्या तशा बसत नाहींत. कोणत्या बसतात व कोणत्या बसत नाहींत, या प्रश्नानें गेल्या शतकांतील मोठमोठ्या गणितज्ञांस गुंतवून ठेविलें होतें. त्याचीं कांहीं उत्तरें आपल्या मुंबईंत दिलीं गेलीं. आणि त्याचें एक फार जुनें उदाहरण तर गोदावरीच्या कांठीं सुमारें पांचशें वर्षांपूर्वीं अभ्यासिलें जात होतें.

आरंभ परिचयाच्या वस्तूपासून करूं. लातुराहून अहमदपूर, लोहा या मार्गानें नांदेडकडे जाणारा रस्ता डोळ्यांपुढें आणा, व त्याच्या कडेस दर किलोमीटरास एक दगड रोंवलेला आहे असें समजा. आतां कल्पना करा कीं हा रस्ता नांदेडास थांबत नाहीं आणि लातुरास सुरूही होत नाहीं; दोन्ही अंगांस तो अंतावांचून सरळ गेला आहे, व दगडही त्याच्याबरोबर तसेच गेले आहेत. अशा रस्त्यावर कोठेंही उभे राहा, मागचा दगड तुमच्यापासून एक किलोमीटराच्या आंतच असणार. रस्ता अनंत, दगडही अनंत. परंतु ‘मागच्या दगडापासून आपण किती पुढें आहों?’ या प्रश्नाचें उत्तर शून्य व एक यांच्या दरम्यानच कोठें तरी असतें.

त्याच रस्त्यावरून एक बैलगाडी चालवूं. तिच्या चाकाच्या लोखंडी धांवेचा घेर १५ फूट आहे, व धांवेवर एके ठिकाणीं खिळ्याचें डोकें वर आलेलें आहे. चाक फिरत जातें तसतसा धांवेचा एकेक बिंदु जमिनीस टेकत जातो. रस्त्यावरील प्रत्येक जागेस धांवेवरील कोणता तरी एकच ठराविक बिंदु टेकतो. आणि ज्या दोन जागांमध्यें १५, ३०, ४५ अशा फुटांचें अंतर आहे, त्यांस तोच तो बिंदु टेकतो. म्हणजे चाकानें तो सबंध रस्ता आपल्या घेराभोंवतीं गुंडाळून घेतला असें म्हटलें तरी चालेल. शेवट नसलेली वाट आणि १५ फुटांची धांव यांचा हा संबंध मनांत नीट ठसला म्हणजे पुढील विषयाचें अर्धें काम झालें. वारांचा हिशेब याच जातीचा आहे. दिवसांस अंत नाहीं, पण वार सातच. आपले जुने ज्योतिषी अहर्गण, म्हणजे ठरलेल्या आरंभापासून झालेले एकूण दिवस, काढीत, त्यास सातांनीं भागीत, आणि बाकीवरून वार सांगत.

आतां थोडी परिभाषा. ती कंटाळवाणी वाटेल, पण तिच्यावांचून पुढें जातां येणार नाहीं. इंग्रजींत ज्यास ग्रुप म्हणतात त्यास आपण ‘गट’ म्हणूं. गट म्हणजे अशा वस्तूंचा समूह कीं त्यांपैकीं कोणत्याही दोन एकत्र केल्या असतां त्याच समूहांतील वस्तू मिळते. तीन एकत्र करतांना कंस कोठें घातला यानें फरक पडत नाहीं. कांहींच बदल न करणारी एक वस्तू त्यांत असते. व प्रत्येक वस्तूचा परिणाम पुसून टाकणारी तिची उलट वस्तूही त्यांत असते. रस्त्यावरील चाली हा असा गट आहे: १० फूट पुढें, मग ४ फूट मागें, म्हणजे ६ फूट पुढें. गटाच्या पोटांतील जो लहान समूह स्वतःही गट असतो, तो ‘उपगट’. पंधरा-पंधरा फुटांच्या पुढच्या व मागच्या सर्व चाली हा रस्त्याच्या गटाचा एक उपगट झाला. केवळ पुढच्याच चाली घेतल्या तर उपगट होत नाहीं, कारण केलेली चाल परत फिरवितां येत नाहीं.

दुसरा शब्द ‘संहत’. ज्या जागेंत अनंत बिंदु कसेही टाकले तरी त्यांची गर्दी त्याच जागेंतील कोणत्या तरी स्थानाभोंवतीं झाल्यावांचून राहत नाहीं, ती जागा संहत. शून्यापासून एकापर्यंतचा रस्त्याचा तुकडा, दोन्ही टोकें धरून, संहत आहे. टोकें वगळलीं तर नाहीं. कारण अर्धा, तृतीयांश, चतुर्थांश असे बिंदु टाकीत गेलें तर त्यांची गर्दी शून्यापाशीं होते, आणि शून्य तर आपण बाहेर काढलेलें. सबंध अनंत रस्ताही संहत नाहीं, कारण त्यावरील दगड अनंत असूनही कोठेंच गर्दी करीत नाहींत. तथापि रस्त्यावर कोठेंही उभे राहिलें तरी आपल्याभोंवतीं एक लहानसा संहत तुकडा आंखून घेतां येतो. अशा गटास ‘स्थानिक संहत’ म्हणावयाचें. हा गुण आपोआप येतो असें समजूं नये. रस्त्यावर केवळ अपूर्णांकांनीं दाखवितां येणारींच स्थानें ठेवून बाकीचीं काढून टाकलीं, तर १, १.४, १.४१, १.४१४ असे बिंदु २ च्या वर्गमुळाकडे धांवतात, आणि तेथें पाहावें तों भोंक! अशीं भोंकें त्या रस्त्यावर पावलोपावलीं असल्यामुळें तेथें एकही लहान तुकडा संहत सांपडत नाहीं.

ज्या उपगटांतील बिंदूंची गर्दी एखाद्या स्थानाकडे झाली असतां तें स्थानही उपगटांतच असतें, तो उपगट ‘संवृत’. आणि उपगटाच्या चालीनें जीं स्थानें एकमेकांवर जातात तीं एकच मानलीं असतां जें चाक उरतें, तें संहत असेल तर उपगट ‘सहसंहत’. इंग्रजी ग्रंथांत त्यास कोकॉम्पॅक्ट म्हणतात. स्थानिक संहत गटाचे संवृत व सहसंहत उपगट हाच आमच्या लेखाचा विषय. नांव भारदस्त आहे, पण वस्तू तुमच्या ओळखीची झालीच आहे.

‘संवृत’ ही अट कशासाठीं, असें कोणी विचारील. त्यासाठीं दोन गाड्या घेऊं. नांदेडच्या वेशीपासून त्या शेजारीशेजारीं निघाल्या. निघतांना दोघींच्या धांवांवरील खिळे जमिनीस टेकलेले होते. एकीचा घेर १५ फूट, दुसरीचा १२ फूट. खिळ्यांच्या खुणा पुन्हां एकमेकींच्या समोर केव्हां येतील? ६० फुटांवर, व त्यानंतर दर ६० फुटांवर. लसावि शिकलेला कोणताही विद्यार्थी हें सांगेल. परंतु याहून मौजेची गोष्ट अशी कीं, १५ व १२ यांच्या पटींच्या बेरजा-वजाबाक्यांनीं जें जें अंतर मिळतें तें तिनाच्याच पटींत असतें, आणि खुद्द तीनही मिळतात. दोन चाकांच्या पोटीं ३ फूट घेराचें एक लहान चाक दडलेलें होतें असें म्हणा ना! तीन हा त्यांचा मसावि.

आतां एका गाडीच्या धांवेचा घेर १० फूट ठेवूं, व दुसरीचा १० गुणिलें √२, म्हणजे सुमारें १४.१४२१ फूट. या दोघींच्या खुणा निघाल्यानंतर पुन्हां कधींच समोरासमोर येत नाहींत. तशा आल्या तर एका पूर्णांकाचा वर्ग दुसऱ्याच्या वर्गाच्या दुप्पट झाला असता, आणि तें अशक्य आहे हें भूमितीच्या वर्गांत सिद्ध केलेलेंच असतें. पण त्या एकमेकींजवळ मात्र येत राहतात. पहिलीचे ७ फेरे व दुसरीचे ५ फेरे होतात तेव्हां खुणांत साडेआठ इंचांचें अंतर असतें. १७ व १२ फेऱ्यांनंतर साडेतीन इंचांचें. ९९ व ७० नंतर पाऊण इंचाहूनही कमी. आणि ५७७ व ४०८ फेऱ्यांनंतर, म्हणजे मैलाहून थोडें पुढें गेल्यावर, इंचाच्या दशांशाइतकें. हे आंकडे वाचकांनीं लक्षांत ठेवावे. पुढें ते पुन्हां भेटावयाचे आहेत. या दोन घेरांच्या बेरजा-वजाबाक्यांचा जो उपगट होतो, तो रस्त्यावरील प्रत्येक स्थानाच्या हवें तितका जवळ जातो, पण प्रत्येक स्थानास टेकत नाहीं. म्हणून तो संवृत नाहीं. त्याचें चाक करावयास गेलें तर घेर किती धरावा? कोणताही धरला तरी तो मोठाच ठरतो, आणि शून्य घेराचें चाक कोणत्या सुताराकडून करून घ्यावें! असल्या उपगटांनीं गोंधळ माजतो, म्हणून गणितज्ञ संवृत उपगटांचाच विचार करितात.

रस्त्यावर संवृत उपगट किती प्रकारचे असूं शकतात? उत्तर आश्चर्यकारक आहे: तीनच. केवळ शून्य, एका ठराविक चालीच्या सर्व पटी, किंवा सबंध रस्ता. याची सिद्धता मॅट्रिकच्या विद्यार्थ्यास समजण्यासारखी असल्यामुळें ती देतों. उपगटांत शून्यावांचून कांहीं आहे असें धरा. मग त्याची उलट चालही असल्यामुळें एखादी पुढची चाल असणारच. पुढच्या चालींपैकीं सर्वांत लहान अशी एक चाल असेल तर तिला क म्हणा. उपगटांतील कोणतीही चाल घेऊन तिला क नें भागा. बाकी उरेल ती क हून लहान असेल. पण बाकी ही दोन उपगटस्थ चालींची वजाबाकी असल्यामुळें तीही उपगटांतच असणार, आणि क हून लहान पुढची चाल तर उपगटांत नाहीं. म्हणून बाकी शून्य, व सर्व चाली क च्या पटीच ठरल्या. आतां सर्वांत लहान अशी चालच नसेल तर? मग पुढच्या चाली कमी कमी होत ज्या मर्यादेकडे जातात ती मर्यादा पाहा. ती शून्याहून मोठी असेल, तर उपगट संवृत असल्यामुळें ती स्वतः उपगटांत असणार, व तीच सर्वांत लहान चाल होणार. पण अशी चाल नाहीं असें आपण धरलें आहे. म्हणून मर्यादा शून्य. म्हणजे हवीं तितकीं बारीक पावलें उपगटांत आहेत; त्या पावलांनीं प्रत्येक स्थानाच्या हवें तितकें जवळ जातां येतें; आणि उपगट संवृत असल्यामुळें तें प्रत्येक स्थान उपगटांतच पडतें. येथें सिद्धता संपली. यांतील भागाकाराची युक्ति आर्यभटाच्या कुट्टकांत व ग्रीकांच्या युक्लिडांतही आहे. दोन हजार वर्षांची जुनी युक्ति अजून बोथट झालेली नाहीं.

यावरून असें दिसतें कीं, रस्त्यावर शून्याखेरीज जो कोणता संवृत उपगट असेल तो सहसंहत असतोच. मैदानांत मात्र असें नाहीं. कापसाचें एक अनंत शेत घ्या, त्यांत उभ्या व आडव्या ओळींत तीन-तीन फुटांवर झाडें लाविलेलीं आहेत. कोठेंही उभे राहा, तुम्ही चार झाडांच्या एका चौकोनांत असणार. या चौकोनाची डावी कड उजवीस व वरची खालचीस जोडली म्हणजे सायकलच्या ट्यूबसारखा आकार मिळतो, आणि तो संहत आहे. आतां एक ओळ ठेवून बाकीचीं सर्व झाडें उपटून टाका. उरलेली ओळ संवृत उपगटच आहे. पण तिच्याशीं काटकोनांत चालत गेलें तर झाडांपासूनचें अंतर वाढतच जातें. हा उपगट सहसंहत नव्हे. तिसरा प्रकार उसाच्या मळ्यांत दिसतो: समान अंतरावर पाडलेल्या सऱ्या. येथें उपगट सुट्या बिंदूंचा नसून सबंध रेघांचा आहे, तरीही तो संवृत आहे व सहसंहतही आहे. त्याचें चाक म्हणजे आपलें तेंच साधें वर्तुळ.

या तिन्ही उदाहरणांत एक गोष्ट सामान्य आहे. गट स्थानिक संहत असून उपगट संवृत व सहसंहत असला, म्हणजे एक मर्यादित संहत वाफा असा सांपडतो कीं तो उपगटाच्या चालींनीं सरकवीत गेलें असतां सबंध गट झांकला जातो. कारण असें: संहत जागेवर लहान लहान छपरें अशीं टाकलीं कीं एकही स्थान उघडें राहिलें नाहीं, तर त्यांतील मोजकींच छपरें ठेवूनही ती जागा झांकलेली राहते. गटांतील लहान लहान संहत तुकड्यांच्या चाकावर पडणाऱ्या सावल्या हींच आपलीं छपरें; मोजक्या सावल्यांनीं चाक झांकलें, म्हणजे त्यांचे मोजके तुकडे मिळून जो वाफा होतो तोच हवा होता. गट स्थानिक संहत नसता तर हे तुकडेच आणावयाचे कोठून?

आतां गोदावरीकांठच्या उदाहरणाकडे वळूं. वर्गप्रकृति नांवाचा प्रश्न आपल्या प्राचीन गणितांत प्रसिद्ध आहे: एक संख्या दिली असतां असा वर्ग शोधा कीं त्यास त्या संख्येनें गुणून एक मिळविल्यास पुन्हां वर्गच यावा. संख्या २ असेल तर २ चा वर्ग ४, दुप्पट ८, अधिक १ म्हणजे ९. तो ३ चा वर्ग. म्हणून ३ व २ ही जोडी चालते. ब्रह्मगुप्तानें इ. स. ६२८ मध्यें असा नियम दिला कीं, अशा दोन जोड्यांपासून तिसरी करितां येते. क, ख आणि ग, घ या दोन जोड्या असतील, तर क-ग च्या गुणाकारांत ख-घ च्या गुणाकाराची दुप्पट मिळवावी, ही नव्या जोडीची पहिली संख्या. क-घ व ख-ग या गुणाकारांची बेरीज ही दुसरी. या रीतीस भावना म्हणतात. ३, २ ही जोडी स्वतःशींच अशी मिळविली कीं १७, १२ येतात. पुन्हां मिळविली कीं ९९, ७०. आणखी एकदां मिळविली कीं ५७७, ४०८. दोन गाड्यांच्या फेऱ्यांचे आंकडे ते हेच! खुणा जवळ येण्याचें रहस्य येथें आहे.

भावनेनें जोड्यांचा गट होतो. कांहीं न करणारी जोडी १, ०. आणि ३, २ ची उलट जोडी ३, उणे २. पूर्णांकच पाहिजेत ही अट सोडून, पहिली संख्या धन ठेवून, सर्व संख्या घेतल्या, तर आलेखावर एक वक्ररेषा मिळते, आणि तीही भावनेनें गट होते. हा गट वांकडा दिसला तरी आपल्या रस्त्याचाच जुळा भाऊ आहे. लॉगरिथमनें गुणाकाराची बेरीज होते तसा हा वक्र सरळ करितां येतो. पूर्णांकांच्या जोड्या कोठेंच गर्दी करीत नाहींत, म्हणून त्यांचा उपगट संवृत. मग वरील सिद्धांताप्रमाणें दोनच गोष्टी संभवतात: एक तर १, ० वांचून एकही जोडी नाहीं, नाहीं तर सर्व जोड्या एका मूळ जोडीच्या पटी आहेत व उपगट सहसंहत आहे. दिलेली संख्या स्वतःच वर्ग असेल, जशी ४, तर पहिला प्रकार होतो. दोन पूर्णांक वर्गांतील अंतर एक असण्यास त्यांतील लहान वर्ग शून्यच असावा लागतो. संख्या वर्ग नसेल तर जोडी नेहमीं सांपडते काय, हा प्रश्न म्हणजे तो उपगट सहसंहत आहे काय हाच प्रश्न होय.

इ. स. १११४ मध्यें जन्मलेल्या भास्कराचार्यांनीं सिद्धांतशिरोमणि हा ग्रंथ ११५० मध्यें रचिला. त्यांनीं बीजगणितांत जोडी काढण्याची चक्रवाल रीत सविस्तर दिली, व उदाहरणासाठीं मुद्दाम ६१ ही संख्या घेतली. (ही रीत त्यांच्या पूर्वीं जयदेव नांवाच्या गणितज्ञासही अवगत होती.) ६१ ची निवड किती मार्मिक आहे पाहा. ६० साठीं सर्वांत लहान जोडी ३१ व ४. ६२ साठीं ६३ व ८. आणि मधल्या ६१ साठीं १७६६३१९०४९ व २२६१५३९८०! फ्रान्समधील फर्मा या गणितज्ञानें १६५७ मध्यें हाच ६१ चा प्रश्न आपल्या समकालीनांपुढें टाकला. भास्कराचार्यांचें उत्तर त्यास ठाऊक नव्हतें. संख्या वर्ग नसल्यास जोडी नेहमीं मिळतेच याची पूर्ण सिद्धता लाग्रांजनें १७६८ च्या सुमारास दिली.

ही अवाढव्य जोडी कागदावर काढून पाहण्यास एक सुटीची दुपार पुरे. ३९ चा वर्ग १५२१. ५ च्या वर्गाची ६१ पट १५२५. अंतर उणे ४. म्हणून ३९ व ५ यांचें अर्धें केलें तर अंतर उणे १ होईल, पण पूर्णांक राहणार नाहींत. ही अर्धी जोडी ६१ च्या भावनेनें स्वतःशीं तीन वेळां मिळवा: २९७१८ व ३८०५ असे पूर्णांक येतात. २९७१८ चा वर्ग ८८३१५९५२४, आणि ३८०५ च्या वर्गाची ६१ पट ८८३१५९५२५. अंतर पुन्हां उणे १. आतां ही जोडी एकदां स्वतःशीं मिळविली कीं उण्याचें अधिक होतें. पहिली संख्या या दोन मोठ्या आंकड्यांची बेरीज, १७६६३१९०४९; दुसरी २९७१८ गुणिलें ३८०५ याची दुप्पट, २२६१५३९८०. आम्ही हा गुणाकार हातानें करून ताळा पाहिला आहे, विद्यार्थ्यांनींही पाहावा. यंत्रावर आंकडे दाबून मिळणारें समाधान निराळें आणि हें निराळें.

भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा देवगिरीच्या यादवांपैकीं सिंघण राजाच्या पदरीं ज्योतिषी होता. आजोबांच्या ग्रंथांचें अध्ययन चालू राहावें म्हणून चाळीसगांवाजवळील पाटण येथें मठ स्थापिला गेला. त्यास देणगी दिल्याचा १२०७ चा शिलालेख तेथें आहे, व डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं तो एकोणिसाव्या शतकांत उजेडांत आणिला. मठ गेला, पण अध्ययन थांबलें नाहीं. नांदेडाच्या वरच्या अंगास, गोदावरीच्या खोऱ्यांत, पार्थपूर म्हणून गांव होतें. तेंच हल्लींचें पाथरी असें मानतात. तेथील ज्ञानराजानें १५०३ मध्यें सिद्धांतसुंदर हा ज्योतिषग्रंथ रचिला, आणि त्याचा पुत्र सूर्यदास यानें भास्कराच्या बीजगणितावर १५३८ मध्यें सूर्यप्रकाश व लीलावतीवर १५४१ मध्यें गणितामृतकूपिका अशा टीका लिहिल्या. चक्रवालाचा धडा मराठवाड्याच्या भूमींत असा जिवंत राहिला. या पूर्वजांस सहसंहत उपगटांची कल्पना होती असें म्हणण्याचा मोह मात्र आवरावा. ती नव्हती, आणि त्यांची थोरवी सिद्ध करण्यास तिची गरजही नाहीं. चक्रवाल या नांवांत चक्र आहे व आमच्या लेखांत चाक आहे, हा केवळ योगायोग.

विसाव्या शतकांत हा विषय मुंबईस आला तो निराळ्या वाटेनें. होमी भाभा यांनीं १९४५ मध्यें टाटा मूलभूत संशोधन संस्था स्थापिली. तेथें १९५६ मध्यें व पुन्हां १९६० मध्यें भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदांत नॉर्वेचे गणितज्ञ आट्ले सेलबर्ग यांनीं आपलें संशोधन मांडिलें. १९६० च्या निबंधांतील एक निष्कर्ष आमच्या विषयाच्या गाभ्यांतला आहे. रस्त्यावरील उपगट ताणतां येतो: १५ फुटांचें चाक काढून १६ फुटांचें बसविलें तरी कांहीं बिघडत नाहीं. कापसाचें शेतही दाबतां वा तिरपें करतां येतें. परंतु आंकड्यांच्या चौकोनी कोष्टकांचे, म्हणजे मॅट्रिक्सांचे, जे गट असतात, त्यांपैकीं तीन वा अधिक ओळींच्या, निर्धारक एक असलेल्या कोष्टकांच्या गटांत सुट्या बिंदूंचा सहसंहत उपगट असेल, तर तो असा हळूहळू वांकवितांच येत नाहीं. वांकविला असें वाटलें तरी तो तोच असतो, फक्त पाहणाऱ्यानें आपली जागा बदललेली असते. ही ताठरता कोणासही सहजासहजीं सुचली नसती.

याच प्रांतांत एक विलक्षण प्रकार आढळतो. दोन ओळींच्या पूर्णांकी कोष्टकांचा, निर्धारक एक असलेला उपगट घेतला, तर उरणाऱ्या चाकाचें माप मर्यादित असतें, तरीही तें संहत नसतें. नरसाळ्याच्या नळीसारखी एक बोळ त्यांतून निघून अरुंद होत होत अनंतापर्यंत जाते. अशी बोळ केव्हां असते व केव्हां नसते याचा निर्णय १९६२ च्या सुमारास बोरेल व आपले कानपूरचे हरीशचंद्र यांनीं दिला. मॉस्टो व तामागावा यांनींही त्याच वर्षीं तो निराळ्या रीतीनें दिला. टाटा संस्थेचे एम. एस. रघुनाथन यांचा या विषयावरील ग्रंथ १९७२ मध्यें निघाला, व जगभर पाठ्यग्रंथ म्हणून वाचला गेला. त्याच संस्थेचे श्रीकृष्ण गोपाळराव दाणी यांनीं, अशा चाकांवरून फिरणारे मार्ग कोठें गर्दी करितात, यावर मोठें काम केलें. रशियाचे मार्गुलिस यांनीं १९८७ मध्यें ओपनहाइमचा १९२९ पासूनचा प्रश्न याच साधनांनीं सोडविला, आणि पुढें दाणी व मार्गुलिस यांनीं मिळून तें काम वाढविलें. तो प्रश्न आमच्या √२ च्या दोन गाड्यांचा दूरचा नातलग आहे.

पालकांसाठीं एवढें सांगतों कीं, या विषयाची पुढची पायरी चढण्यास पूर्वीं मुलास फार लांब पाठवावें लागे. १९९४ पासून नांदेडास स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे, व गणिताचें वरचें शिक्षण तेथें मिळतें.

विद्यार्थ्यांसाठीं दोन उदाहरणें ठेवतों. पहिलें: तीन गाड्यांच्या धांवांचे घेर १२, १५ व २० फूट आहेत. तिन्ही खुणा एका ओळींत केव्हां येतील, आणि या तिघींच्या पोटीं दडलेल्या चाकाचा घेर किती? दुसरें: संख्या १३ घ्या. ३ चा वर्ग ९. १ च्या वर्गाची १३ पट १३. अंतर उणे ४. वर ६१ साठीं जें केलें तेंच येथें करा, म्हणजे ३ व १ यांचें अर्धें घेऊन तें तीन वेळां मिळवा, आणि आलेली जोडी पुन्हां एकदां स्वतःशीं मिळवा. उत्तर ६४९ व १८० यावें.